पगारे मॅडमचा उलटा गुरुवार

मला हवामानातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पगारे मॅडमच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर लोक माझ्याकडे भलत्याच आशेने बघतात. परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या वहिनी पापड वाळत घालत होत्या. आभाळ जरा कुंद होतं. मला बघून म्हणाल्या, "काका, घालू ना आज?" मी म्हटलं, "घाला, पण दुपारी झोपू नका." त्या हसल्या. मला मात्र एकदम भरून आलं. ते उत्तर माझं नव्हतं, मॅडमचं होतं, आणि ते द्यायला मॅडम आता नाहीत.

डॉ. निर्मला पगारे आमच्या प्रमुख. इंदिरानगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी संस्था होती. खाली घरमालक, वर आम्ही आणि आमच्याही वर पाण्याची गळकी टाकी. दिवसभर पाण्याची चिंता वाहणाऱ्या लोकांच्या डोक्यावरच टाकी गळावी, याचं मॅडमना फार हसू यायचं. आमचं काम असं होतं: पाऊस बदलत चाललाय, उन्हाळा वाढत चाललाय, तर पुढच्या काळात इगतपुरीच्या घाटमाथ्यापासून खाली शहरापर्यंत पाणी किती येईल, कुठली पिकं तगतील, पंपांना वीज किती लागेल आणि माणसं काय खातील, कुठे जातील, हे सगळं एकाच हिशेबात बसवायचं. एरवी यातला एकेक तुकडा एकेक तज्ज्ञ आपल्या खोलीत बसून करतो आणि शेजारच्या खोलीत डोकावतही नाही. मॅडमनी सगळ्यांना उचलून एका टेबलाभोवती बसवलं. त्या मोठ्या हिशेबाला आम्ही मॉडेल म्हणायचो.

टेबलाभोवती चौघं असायची. हर्षद हा तरुण इंजिनीअर पाण्याचा. तन्वी विजेची आणि धुराची, म्हणजे हवा तापवणारे वायू कशाकशातून किती निघतात हे ती मोजायची. बोरस्ते सर पिकांचे. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, आणि घरची द्राक्षबाग असल्यामुळे मतं त्याहून खणखणीत. माणसांचा भाग मॅडमकडे. आणि कोपऱ्यात पाचवा मी, वर्तमानपत्राची मुद्रितं तपासता तपासता म्हातारा झालेला, अहवालांचं मराठी करायला ठेवलेला. मॅडम आम्हाला नावाने क्वचितच हाक मारायच्या. "ए पाणी, पंखा लाव." "अहो पीक, चहा घेताय ना?" तन्वी होती 'वीज' आणि मी 'मराठी'. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे पुढे घरी कोणी नावाने हाक मारली की चटकन लक्षच जायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझे कान उपटले. चाचणी म्हणून एक उतारा दिला होता. मी तो 'अनुकूलन', 'उपशमन', 'प्रतिमान' असे दणदणीत शब्द घालून झोकात उतरवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. मॅडमनी तो वाचला, फोन उचलला आणि देवळाली कॅम्पात आपल्या धाकट्या बहिणीला लावला. फोन स्पीकरवर टाकून माझं पहिलंच वाक्य तिला वाचून दाखवलं. मग बहीण घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाली, "अगं ताई, कोण अ‍ॅडमिट आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम पोट धरून हसत होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे बघा मराठी, घराला आग लागलीय. आगीत तेल ओतणं कमी करायचं, हे एक काम. आणि लागलेल्या आगीत माणसं आणि चूल कशी राखायची, हे दुसरं काम. एवढंच आहे हो ते. आता लिहा." मी लिहिलं. तेव्हापासून आमचा प्रत्येक अहवाल आधी त्या बहिणीला ऐकवला जाई आणि तिने "बरं, मग पुढं?" म्हटलं तरच छापायला जाई.

मॅडम कॅम्पातच वाढलेल्या. वडील तिथे शिंप्याच्या दुकानात फौजी गणवेश शिवायचे. घर दोन खोल्यांचं, अभ्यास बुद्धविहाराच्या ओसरीवर. दर पावसाळ्यानंतर लांब माळावर तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई डाळीच्या डब्यांची झाकणं घट्ट करायची, असं त्या सांगत. वारा त्या बाजूचा असला की इंदिरानगरातही कधीमधी बारीकसा धम्म आवाज यायचा. बाकी कोणाचं लक्ष नसे. मॅडम मात्र बोलता बोलता बोट वर करून थांबायच्या, आवाज जिरू द्यायच्या आणि मग वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलायच्या.

दुकानात येणाऱ्या एका हवालदाराने लहानपणी त्यांना सांगितलं होतं, की पहिला गोळा नेमका लागेल अशी अपेक्षाच नसते. तो कुठे पडतो ते बघतात, मग नेम थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवतात. मॅडमनी हे आयुष्यभर गाठीला बांधून ठेवलं. हर्षदचे आकडे चुकले आणि तो तोंड पाडून बसला की त्या म्हणायच्या, "पहिला गोळा लागायला नसतो रे, कळायला असतो. कुठे पडला ते सांग." मग हर्षद सांगायचा. दुसऱ्याची चूक इतक्या आवडीने ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या वर्तमानपत्रात चूक निघाली की संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे एकदम दुसरीकडे बघायचे.

त्यांच्या हातात बारा महिने छत्री असे. काळी, लांब दांड्याची, जुन्या पद्धतीची. त्या कॅम्पातून रोज बसने यायच्या आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्या छत्रीचा भलताच अर्थ लावून ठेवला होता. "हवामानवाल्या मॅडमनी छत्री आणलीय, म्हणजे आज येणार," असं बसथांब्यावरचा फुलवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. एकदा ऐन थंडीत त्याने हार झाकून ठेवले आणि कडकडीत ऊन पडलं. तो तणतणत आला. "मॅडम, तुमची छत्री खोटं बोलली!" मॅडम म्हणाल्या, "अरे बाबा, ती पावसासाठी नाही, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आहे." पण तिथेच त्यांनी त्याला पाच मिनिटं उभं करून कुठला अंदाज कशावरून धरायचा ते समजावलं. बस गेली. आम्ही दोघं पुढच्या बसची वाट बघत राहिलो आणि मी मनातून चरफडत होतो.

आता त्यांच्या गुरुवाराविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या गुरुवारामुळे घडलं.

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे उलटी बैठक असायची. पाण्याचा भाग हर्षदने सांगायचा नाही, बोरस्ते सरांनी सांगायचा. पिकांचा भाग तन्वीने. विजेचा हर्षदने. ज्याचा विषय असेल त्याने फक्त ऐकायचं, आणि त्याला गप्प बसता यावं म्हणून मॅडम त्याच्या हातावर लिमलेटची एक गोळी ठेवायच्या. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चावायची नाही. गिळायची तर मुळीच नाही. टेबलाच्या मध्यभागी त्या नारिंगी गोळ्यांची काचेची बरणी कायम भरलेली असे.

याची गंमत बघायला मी मुद्दाम गुरुवारी सुट्टी घेत नसे. बोरस्ते सर धरणाचं गणित सांगताना असे काही गोते खायचे की हर्षदचा चेहरा लाल व्हायचा, गालात गोळी इकडून तिकडे पळायची, पण बोलायची सोय नाही. आणि तन्वीने द्राक्षाची छाटणी समजावून सांगितली त्या दिवशी बोरस्ते सर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पण गोळी संपली की जो विषयाचा मालक असे तोच बहुतेक वेळा म्हणायचा, "हे मी नीट सांगितलंच नव्हतं वाटतं." मॅडमचं म्हणणं साधं होतं. आपला विषय दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यातलं काय पोचलं आणि काय आपल्याच डोक्यात राहिलं ते कळत नाही.

यातून फक्त एक भाग सुटलेला होता. माणसांचा. तो मॅडम स्वतःच सांगायच्या. बोरस्ते सर कधीतरी टोमणा मारायचे, "सगळ्यांना गोळ्या, मग डॉक्टरला कोण देणार?" मॅडम हसून म्हणायच्या, "तुम्हाला माणसं कुठे कळतात हो, तुम्ही द्राक्षवाले." विषय तिथेच मिटायचा.

त्या वर्षी आमचं मोठं काम इगतपुरीच्या बाजूच्या एका खोऱ्यात होतं. त्यातलं आंबेखोरे हे गाव मॅडमच्या विशेष जिव्हाळ्याचं. पाऊस तिथे असा कोसळतो की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि शिमगा झाला की बायका हंडे घेऊन वणवण करतात. तिथे ठकूबाई म्हणून एक बाई होती. नवरा रेल्वेत गँगमन, शेती सगळी हिच्या अंगावर. घरात कोण शेवटी जेवतं, भात कमी पडला तर कोणाच्या ताटात कमी पडतो, असं विचारत मॅडम तिच्याकडे मुक्कामाला राहिल्या होत्या. दोघींचं असं काही गूळपीठ जमलं की ठकूबाई त्यांना 'ताई' म्हणायची आणि परत निघताना पिशवीत हातसडीचे तांदूळ कोंबायची.

आमच्या मॉडेलने सांगितलं, की पावसाळ्याच्या शेवटी लांबलचक खंड पडू लागलेत आणि भात फुलोऱ्यात असतानाच खालच्या खाचरांना पाणी पुरणार नाही. म्हणून तिथे भात लावू नये, नागली-वरईवर भागवावं. तसा अहवाल आम्ही दिला. मीच त्याचं मराठी केलं, बहिणीने पास केलं, सरकारी कचेरीतही तो पसंत पडला. होळीनंतर मॅडमनी गावात जाऊन तो समजावून सांगितला. लोक चुळबुळले. खालची खाचरं म्हणजे वर्षाचं खाणं. शेवटी ठकूबाईने पहिला हात वर केला.

"ताई सांगती तर नाय लावत मी यंदा," ती म्हणाली. "पोराबाळांना नागली खाऊ घालीन. पर ताई, तुमी इचार करूनच सांगताय ना?"

"करूनच सांगतेय," मॅडम म्हणाल्या.

मग ऐन वैशाखातला तो गुरुवार आला. टाकी गळत होती, पंखा गरम हवा फेकत होता. बोरस्ते सरांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी बरणीतली गोळी काढून सरळ मॅडमच्या पुढ्यात ठेवली. "आज तुमची पाळी. माणसांचा भाग मी सांगणार." मॅडमनी कपाळाला हात लावला, पण घेतली गोळी.

सरांनी चांगलं सांगितलं. आपल्याला माणसं कळतात हे सिद्ध करायला ते तयारी करूनच आले होते. घरटी धान्य किती, पाणी किती लागतं, पाहुणे किती, जनावरं किती, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि मॅडमनी इथे पाण्याची गरज थोडी वाढवून धरलीय. कोणी तहानलेलं राहू नये म्हणून. योग्यच केलं. मी पण पिकाची तहान थोडी वाढवूनच धरली होती."

हर्षद म्हणाला, "सर, तुम्ही वाढवली होती? मी ओढ्याचं पाणी थोडं कमी धरलं होतं. सेफ साईड म्हणून."

तन्वी हळूच म्हणाली, "वीज जाते म्हणून पंपाचे तास मी पण कमीच घेतलेत."

तेवढ्यात कडकन आवाज झाला. मॅडमनी गोळी चावली होती. त्यांचा तो नियम मोडलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

हा हातचा कोणी लबाडीने राखला नव्हता. शिकलेल्या, भल्या माणसांची ती सवयच असते, आपल्यामुळे कोणाचं वाईट नको म्हणून पदरचं थोडं घालून ठेवायचं. यापूर्वीच्या गुरुवारी एखाद्याचा हातचा ओघात कानावर पडलाही असेल. बाकीच्यांनी शहाणपणा म्हणून मान डोलावली असेल. पण चौघांचे एकापाठोपाठ, एका दमात बोलले गेले ते त्या दिवशी, कारण चौथा भाग आजवर दुसऱ्या कोणी सांगितलाच नव्हता. आणि चार हातचे एकमेकांवर चढले की काय होतं ते मलासुद्धा कळलं. कागदावर खोरं होतं त्यापेक्षा कितीतरी कोरडं झालं होतं.

पुढचे काही दिवस सगळ्यांनी मान मोडून काम केलं. प्रत्येकाचा हातचा काढला आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच, उघडपणे, ठेवला. नवं उत्तर आलं. खंड पडणार होता, उन्हाळ्यातली टंचाई वाढणार होती, ते काही टळलं नव्हतं. पण खालच्या खाचरांत लवकर तयार होणारा भात घेता येत होता. त्यातलं पाणी सतत तुंबवून न ठेवता मधून मधून सोडायचं आणि पुन्हा भरायचं. तन्वी म्हणाली, तसं केलं तर तुंबलेल्या खाचरातून निघणारा, हवा तापवणारा वायूही घटेल. एका पाण्यात मॅडमची ती आगीची दोन्ही कामं होत होती.

बोरस्ते सर मात्र अस्वस्थ होते. "मॅडम, चुकलो ते सावधपणाच्या बाजूने चुकलो. उलट चुकलो असतो तर पीक वाळलं असतं. एक वर्ष जाऊ द्या. पुढच्या अहवालात सुधारू."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ठकूबाईने राब भाजला नसेल हो."

घाटमाथ्यावर भाताची रोपं टाकायची तर आधी त्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. पाऊस लागला की मग काही करता येत नाही. वेळ अगदी थोडा उरला होता.

आधी आम्ही कचेरीत गेलो. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी लिंबू सरबत मागवलं. पण ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मॅडम, फाईल फॉरवर्ड झालीय. आता चुकलं म्हटलं तर सगळ्याच आकड्यांवर प्रश्न येतील. आणि गावाने एक वर्ष भात थोडा कमी लावला तर बिघडलं काय? प्रिकॉशन तर चांगलीच ना?"

"चांगलीच," मॅडम म्हणाल्या. "पण कोणाच्या ताटातली?"

साहेबांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, की असं लेखी दिलं तर पुढच्या टप्प्याचं काम तुमच्याकडे राहील असं मी म्हणू शकत नाही. मॅडमनी तिथेच बसून लेखी दिलं. बाहेर आल्यावर छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्या जिन्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो मराठी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मी किती मजेत ऐकल्या हो. स्वतःची फार कडू लागते." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांची पिशवी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे आंबेखोऱ्यात. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. आजूबाजूच्या शेतांत वरच्या अंगाचे राब भाजून काळे झाले होते. ठकूबाईच्या खाचरापाशी एकही काळा ठिपका नव्हता. मॅडमनी ते येतानाच पाहिलं होतं.

त्या उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी होळीनंतर तुम्हाला जे सांगितलं ते चुकलं होतं. आम्ही चौघांनी मिळून एक आमटी केली. प्रत्येकाला वाटलं, मीठ कमी पडायला नको. चौघांनीही थोडं थोडं टाकलं. दुसऱ्याने टाकलंय का, ते कोणी विचारलं नाही. मी सगळ्यांत मोठी. मीही विचारलं नाही."

मागून एक म्हातारा खवळून म्हणाला, "उद्या म्हनाल आजचंबी चुकलं! आमी काय तुमच्या शाळंतली पोरं हाय का?"

"म्हणेन ना, बाबा," मॅडम म्हणाल्या. "चुकलं तर इथे येऊन म्हणेन. दर वर्षी कापणी झाली की येईन आणि कुठे चुकलो ते सगळ्यांसमोर वाचून दाखवेन. न सांगता राहणार नाही, एवढाच शब्द देते."

सगळे ठकूबाईकडे बघू लागले. पहिला हात तिने वर केला होता. नुकसान तिचं व्हायचं होतं. ती पदर खोचत उठली.

"आमटी खारट झाली म्हून फेकली का तुमी?"

"नाही."

"मंग पानी वता न् वाढा की! बसलाय काय? राब भाजायचा हाय अजून."

हशा पिकला आणि ओटा रिकामा झाला. त्या दिवशी बोरस्ते सरांनी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर पाल्याचे भारे वाहिले. तन्वी धुराकडे बघून काहीतरी पुटपुटत होती, तर मॅडम ओरडल्या, "वीज, आजचा धूर माफ!" संध्याकाळपर्यंत आमची तोंडं माकडांसारखी काळी झाली होती. त्या वर्षी ठकूबाईच्या खाचरात भात झाला. भरघोस नव्हे, पण झाला. दिवाळीनंतर इंदिरानगरात तांदळाची एक पिशवी आली.

पुढच्या टप्प्याचं काम मात्र खरोखरच आमच्या हातून गेलं. हर्षद दुसरीकडे लागला, बंगल्याचा वरचा मजला सोडून आम्ही एका गाळ्यात आलो. मॅडमनी त्याची कुरकुर कधी केली नाही. कुरकुर मी केली, मनसोक्त. त्यांनी शब्द मात्र पाळला. दर वर्षी कापणीनंतर त्या आंबेखोऱ्यात जायच्या आणि मॉडेल कुठे चुकलं ते वाचून दाखवायच्या. पहिल्या वर्षी लोक मजा बघायला आले. नंतर आपापल्या चुका घेऊन येऊ लागले. कोणी पाणी वेळेवर सोडलं नव्हतं, कोणी शेजाऱ्याचं बघून भलतंच बियाणं आणलं होतं. शेवटी बोरस्ते सर सगळ्यांना चिवडा वाटायचे.

मागच्या कापणीनंतर आम्ही गेलो तेव्हा मॅडम आजारी होत्या, आणि आजार बळावला होता. बहीण नको नको म्हणत होती. बोरस्ते सरांनी गाडी थेट ओट्यापाशी नेली आणि दार उघडं ठेवलं. मॅडम आतच बसल्या, मांडीवर छत्री आडवी. आता वाचणार कोण, म्हणून मी घसा खाकरला. त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढली आणि म्हणाल्या, "आज गुरुवार समजा. गोळी माझी. ठकूबाई, तुम्ही सांगा."

ठकूबाई लाजली, मग ओट्यावर चढली. कागद घेतलाच नाही.

"मॉडेल बोललं व्हतं, पाऊस मधी दडी मारंल. मारली. पर ते बोललं थोडीशी, आन त्यानं मारली लय. हितं मॉडेल चुकलं." ती थांबली. "आन खाचरातलं पानी मधी सोडायचं व्हतं. मी भ्याले. येकदाच सोडलं. हितं मी चुकले."

ती बराच वेळ बोलली. ओढ्याचं, लवकर येणाऱ्या भाताचं, उन्हाळ्यातल्या टँकरचं. हर्षद असता तर त्याच्या गालात गोळी फिरली नसती, इतकं नीट बोलली. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मग तोच म्हातारा, आता बराच वाकलेला, काठी टेकत पुढे आला आणि त्याने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"पर ताई, फुडल्या साली तुमी नाय आल्या, तर चुका सांगाया कोन येनार?"

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. ठकूबाईनेही पाहिलं. मॅडमनी डोळे उघडले, बोलायला म्हणून हात वर केला, आणि मध्येच थांबल्या. एक बोट गालावर टेकवून त्यांनी आम्हाला खूण केली, की गोळी अजून आहे, मला बोलता येत नाही. मग छत्री उचलून तिचं टोक ठकूबाईकडे धरलं.

इतका वेळ लिमलेटची गोळी टिकत नाही, हे तिथे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठकूबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, बसा खाली. मी हाय ना."